टॅब दाबल्याशिवाय

धम्मपालला आर्णीत लोक धनराज म्हणत, उमरखेडला धनंजय, आणि दारव्ह्याचे एक निवृत्त गुरुजी त्याला धर्मेंद्र म्हणत. तो तिघांनाही ओ देई. आईबापानं एक नाव ठेवलं, बाकीची गिऱ्हाइकांनी ठेवली, असं आमचा फारुकभाई म्हणायचा.

झालं होतं असं, की धम्मपाल बोलताना अडायचा. तोतरा होता. हा शब्द मी इथं एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही, कारण त्याला ओळखल्यावर तो शब्द तोंडातून निघत नाही. यवतमाळबाहेर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. गावोगावी टॉवर, त्यावरून लोकांच्या घरी इंटरनेट. मी फोन घ्यायची, फारुकभाई टॉवरवर चढायचा, आणि धम्मपाल त्या मशीनसमोर बसायचा ज्याच्यात सगळ्या टॉवरांचा जीव होता. दुपारी मी डबा उघडला की फोन त्याला उचलावा लागे. पलीकडून कोणीतरी तणतणत विचारायचं, "कोण बोलून राह्यलं?" हा म्हणायचा, "मी ध... ध..." आणि ज्याचं नेट बंद पडलं आहे त्याला कुठला आलाय धीर! "धनराज का?" हा म्हणायचा, "हो." झालं. आर्णीपुरता तो धनराज.

"अरे, खरं नाव काहून नाही सांगत?" मी एकदा चिडून विचारलं.

"त्याईचं नेट बं... बंद होतं ना ताई," तो म्हणाला. "माझ्या नावानं थोडीच चालू होते?"

उंच, किडकिडीत, कायम बाह्या दुमडलेल्या. चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी धुऊन ठेवायचा. शब्द अडला की उजव्या हाताचं बोट वर करायचा. रस्ता ओलांडणारा म्हातारा माणूस गाडीवाल्याला करतो ना, थांब बाबा, येतो मी, अगदी तसं. त्याच्या त्या बोटासमोर गाडीवाले थांबले असतील, आम्ही थांबत नव्हतो. माझ्या तोंडाला तर कुलूपच नाही. तो "च" म्हणाला की मी "चहा!" म्हणून ओरडायची, टपरीवरून चहा मागवायची. त्याला चार्जर हवा असायचा. तो आलेला चहा गुमान प्यायचा, मग उठून स्वतःच चार्जर शोधायचा. त्या माणसानं माझ्यामुळं किती चहा नको असताना प्यायला असेल, बाप्पा!

पण एक गंमत सांगते. बुद्ध पौर्णिमेला त्यानं आम्हाला घरी खीर खायला बोलावलं होतं. आधी विहारात गेलो. मी मागं बायकांमध्ये बसले. वंदना सुरू झाली, सगळे एका आवाजात म्हणू लागले, आणि माझं लक्ष पुढं बसलेल्या धम्मपालकडं गेलं. तो म्हणत होता. खणखणीत, एकही अक्षर न अडता, डोळे मिटून. मी शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, सुजाताचा हात धरला. "अवं, हे तर फाडफाड बोलून राह्यले!"

ती हसली. "सगळ्याईसंग म्हणतानी नाही अडत ते. एकट्यानं बोला लागलं का अडते. कारण मंग सगळे त्याईच्या तोंडाकडं पाह्यतात."

घरी खीर वाढताना तिनं तिला बघायला आले तेव्हाची गोष्ट सांगितली. बैठकीत तिच्या मामानं मुलाला नाव विचारलं. मुलगा "ध..." वर अडला, आणि त्याच्या बाजूचे काका, मावसा, मध्यस्थ सगळे एकदम नाव सांगून मोकळे झाले. पोह्यांची बशी घेऊन उभी असलेली ही म्हणाली, "त्याईले सांगू द्या ना." मामा तर रागानं लाल झाला, पोरीनं बैठकीत तोंड उघडलं म्हणून. "आन् मंग?" मी विचारलं. धम्मपाल खिरीच्या वाटीत बघत होता. "मंग काय," तो म्हणाला, "मी त्याच वक्ती ठ... ठरवलं." सुजातानं वाक्य संपेपर्यंत चमचा तसाच हातात धरला होता. संपल्यावर वाढलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती तेच करत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

आता ऑफिसच्या कामाचं सांगते. टॉवर चालू आहे का हे बघायला त्या मशीनवर काळ्या पडद्यात लांबलचक हुकूम टाइप करावा लागे. त्या पडद्याला तो शेल म्हणायचा. एक टिंब चुकलं की मशीन म्हणणार, कळलं नाही. म्हणून गिऱ्हाईक फोनवर ताटकळत आणि मी धम्मपालच्या खुर्चीमागं ताटकळत. एके दिवशी त्यानं मला त्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की त्यानं आपल्यासाठी आपल्या भाषेतले हुकूम करून ठेवले आहेत. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. "पाहा" लिहून पुढं गावाचं नाव टाकलं की त्या गावच्या टॉवरची तब्येत कळणार. "उठव" म्हटलं की अडकलेला टॉवर पुन्हा सुरू. "झोपव" म्हटलं की दुरुस्तीसाठी बंद. मला तर हसूच आवरेना. इतकी वर्षं जे मशीन माझ्याशी इंग्रजीत तोऱ्यानं वागलं, त्याला मी आता म्हणणार होते, उठव दारव्हा!

पण गाडं अडलं गावांच्या नावांवर. उमरखेड मी एका स्पेलिंगनं लिहायची, फारुकभाई दुसऱ्या, आणि मशीनमध्ये तिसरंच असायचं. आर्णीला मी दोन ए लावायची, कारण बोलताना आपण लांबच बोलतो ना! मशीन म्हणायचं, असं गाव नाही. मी म्हणायची, माझं माहेर आहे तिथं, नाही कसं?

तेव्हा त्यानं टॅबचं काम हाती घेतलं. कीबोर्डच्या डाव्या बाजूचं ते बटण. ते दाबलं की अर्धा लिहिलेला शब्द मशीन पुरा करतं. मी म्हटलं, हे तर आधीच होतं, मी तुले करताना पाह्यलं आहे. तर म्हणाला, ते मशीनच्या स्वतःच्या शब्दांसाठी. आपण घडवलेले शब्द त्याला काय माहीत? "पाहा" नंतर गाव येतं, हे त्याला कोणी सांगितलं आहे? नव्या सुनेला घरातली माणसं दाखवावी लागतात, तशी आपल्या शब्दांची ओळख आपणच करून द्यावी लागते. मग "पाहा" च्या जोडीला त्यानं आणखी एक छोटं फंक्शन लिहिलं. त्याचं काम एवढंच, कोणी पाहा लिहून टॅब दाबला की टॉवरांच्या यादीत जायचं, आणि त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं घेऊन यायचं.

पहिल्याच दिवशी फजिती. फारुकभाई खुर्चीत बसला, पाहा लिहिलं, टॅबवर टॅब मारले. नावांची रांग आली. तो वाचायला लागला आणि मधेच थांबला. "भाई, ये रोड कौनसा गाँव है? मैं तो कभी चढा नहीं वहाँ!"

मीही वाकून बघितलं. खरंच, आर्णी, उमरखेड यांच्या रांगेत एक गाव होतं, रोड. फारुकभाई गंभीरपणे म्हणाला, पांढरकवड्याकडं असेल. मी म्हटलं, नाही, पुसदकडं. आम्ही दोघं त्या गावाचा तालुका ठरवत बसलो, आणि धम्मपाल मागं तोंडावर हात धरून हसत होता. बोलायला जावं तर अडतं आणि हसूही आवरत नाही, अशी त्याची अवस्था. शेवटी कळलं. आमचा एक टॉवर होता, दारव्हा रोड. मधे मोकळी जागा आल्यामुळं मशीनला वाटलं ही दोन गावं आहेत, एक दारव्हा आणि एक रोड. त्यानं मधे आडवी रेघ टाकून दोघांची गाठ बांधली. तरी कितीतरी दिवस फारुकभाई उशिरा आला की सांगायचा, रोडगावला गेलतो.

टॅबचं वागणं धम्मपालनं मला समजावून सांगितलं तो प्रसंग मात्र मी विसरत नाही. तो म्हणाला, एकदा दाबलं की जेवढं नक्की असेल तेवढंच ते पुरं करते. एकापेक्षा जास्त नावं जुळत असली तर तिथंच थांबते. पुन्हा दाबलं तर सगळी नावं समोर मांडते, यातलं तुमचं कोणतं ते तुम्ही सांगा म्हणते. आपल्या मनानं एक उचलून तोंडावर फेकत नाही.

"आन् मुख्य म्हणजे ताई," तो म्हणाला, बोट वर करून, "आपण द... दाबल्याशिवाय मधे बोलत नाही."

मी हसले. मग नको असताना त्याला पाजलेले ते सगळे चहा आठवले. तो मला टोमणा मारत नव्हता, त्याचा स्वभावच नव्हता तो. त्याला खरोखरच त्या बटणाचं कौतुक वाटत होतं. मला मात्र इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी नेला.

"झोपव" ला मात्र टॅब नव्हता. आधी होता, त्यानं मुद्दाम काढून टाकला. त्याला कारण फारुकभाई. अकोलाबाजारचा टॉवर नवा होता, यादीत अजून चढला नव्हता. त्याच्या दुरुस्तीला निघालेल्या फारुकभाईनं घाईघाईत झोपव लिहिलं, पुढं ए टाकला, टॅब दाबला, एंटर मारला आणि गाडीला किक मारून गेलाही. यादीत ए वरून एकच गाव होतं. भरदुपारी आख्खी आर्णी झोपली. बँक, झेरॉक्सवाले, ऑनलाइन फॉर्म भरणारी पोरं, सगळ्यांचे फोन माझ्या डोक्यावर. फारुकभाई परत आला तो कानाला हात लावतच. "मैंने तो सिर्फ ए दबाया था, बाकी इसी ने लिखा!"

आमचे मालक, शेठ, तापले होते. धम्मपाल मधे उभा राहिला. "चूक त्याईची नाही. म... माझी आहे. झोपवायच्या कामाले मी टॅब द्यायलेच नव्हता पाह्यजे." आणि तिथल्या तिथं त्यानं तो काढला. मी विचारलं, आता आम्ही स्पेलिंग चुकलो तर? "चुकू द्या. चुकलं तं कोणाचं काही बंद पडत नाही. उठवायले मदत घ्या. पण ज्याचा दिवा विझवून राह्यले, त्याचं नाव तरी पुरं घ्या." इतकं मोठं वाक्य, आणि एकदाही अडला नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग शेठनी धंदा विकला. नागपूरच्या एका मोठ्या कंपनीनं सगळे टॉवर घेतले. माणसं किती ठेवणार ते कोणाला ठाऊक नव्हतं. एवढंच कानावर आलं की साहेब येणार, एकेकाशी बोलणार, आणि ज्याला गिऱ्हाइकाशी नीट बोलता येतं तोच राहणार. माझा जीव भांड्यात पडला. बोलायचं म्हणजे आपलंच काम. आणि लगेच धम्मपालचा चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली. त्याची पोरगी संघमित्रा नर्सिंगला होती, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही.

आदल्या दिवशी टपरीवर आलुबोंडा खाताना तो म्हणाला, "पहिले नाव विचारतील ना वो ताई? तिथंच माझी गाडी अडते. काम विचारलं तं क... करून दाखवता येते. नाव कसं करून दाखवू?"

"आम्ही आहो ना तिथं," मी म्हटलं. "मी सांगीन."

त्यानं बोट वर केलं. बराच वेळ काही आलं नाही. मी आलुबोंड्याचा मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे मला बोलता येऊ नये.

"तेच नका करू," तो म्हणाला. "तुम्ही बी नाही, फारुकभाई बी नाही. किती बी वेळ लागू द्या. म... मधे नका बोलू."

"आन् साहेब चिडला तं?"

"चिडू द्या. मले एकडाव माझं नाव मलेच सांगू द्या."

साहेब आले. वाईट माणूस नव्हता. तरणाच होता, प्रवासानं थकलेला, आम्हा तिघांना एकदमच खोलीत बोलावून घेतलं. माझं झालं, मी बोलले भरपूर. फारुकभाईचं झालं. मग साहेब धम्मपालकडं वळले. "आपलं नाव?"

"ध..."

पंखा फिरत होता. फारुकभाईनं मान खाली घातली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, जसं काही नाव हातातूनच निघणार होतं. "ध... ध..." त्याचे कान लाल झाले, मानेची शीर ताठली. साहेबांसमोर कागद होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "धम्मपाल रामटेके. आहे इथं. असू द्या, असू द्या."

नाव बरोबर होतं. धनराज नाही, धनंजय नाही, बरोबर नाव. मला वाटलं, चला, सुटला बिचारा.

धम्मपालनं बोट वर केलं.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "मी अ... अजून टॅब नाही दाबला."

साहेबांना काय कळणार! त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी दातांनी ओठ धरून ठेवला होता. फारुकभाई तर तोंड फिरवून भिंतीकडं बघत होता. साहेबांनी काय ओळखलं देव जाणे, पण त्यांनी तो कागद उलटा ठेवला आणि खुर्चीत मागं टेकून बसले. कुठलीही घाई नसल्यासारखे.

धम्मपालनं डोळे मिटले. विहारात मिटायचा तसे. वेळ गेला. बाहेर एक ट्रक मागं घेत होते, त्याची शिट्टी वाजत राहिली.

"धम्मपाल," तो म्हणाला. थांबला. "य... यशवंत." पुन्हा थांबला. "रामटेके."

मग साहेबांनी विचारलं, "ते टॅबचं काय म्हणालात?" आणि धम्मपाल त्यांना घेऊन मशीनपाशी गेला. पाहा, उठव, झोपव सगळं दाखवलं. साहेब खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले, आणि त्यांनी दारव्हा रोडची गोष्ट पुरी ऐकली, तो जितक्या वेळात सांगेल तितक्या वेळात. मी दारातून बघत होते. मधे एकदा साहेबांचे ओठ हलले, पण त्यांनी शब्द गिळला.

त्याला त्यांनी ठेवला, पण नागपूरला न्यायला. तिथल्या मशीनांवर. त्याला बसस्टँडवर सोडायला आम्ही दोघं गेलो. सुजाता आणि पोरगी आठवड्यानं जाणार होत्या. त्याच्याकडं एक बॅग आणि एक वळकटी. फारुकभाईनं त्याला मिठी मारली आणि सांगितलं, "रोडगाव को भूलना मत." गाडी निघाली तसं त्यानं खिडकीतून हात हलवला नाही, नुसतं बोट वर केलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. गाडी वळली तरी बोट तसंच वर होतं.

काय म्हणायचं होतं ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. नंतर एका दुपारी उमरखेडचा टॉवर गेला. उठव म्हटलं, उठेना. पुन्हा उठव, पुन्हा नाही. फोनांचा मारा सुरू झाला. काही सुचेना म्हणून मी नुसताच टॅब दाबत बसले, त्यानं केलेले सगळे शब्द पडद्यावर आले. त्यात एक मला माहीत नसलेला होता. बोलव.

मी बोलव लिहिलं. पुढं काय टाकायचं? त्याच्या नावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं टाकली, टॅब दाबला. थांबलं. पुन्हा दाबला. पडद्यावर नावं आली.

धनराज. धनंजय. धर्मेंद्र. धम्मपाल.

ज्यानं त्याला ज्या नावानं ओळखलं, त्यानं त्या नावानं हाक मारावी, अशी सोय करून गेला होता पठ्ठ्या. कोणाचं नाव त्यानं खोडलं नव्हतं. फक्त स्वतःचंही ठेवलं होतं. मी कितीतरी वेळ त्या नावांकडं बघत बसले, समोर फोन वाजत असताना.

मग मी टॅबवरचं बोट काढलं आणि त्याचं नाव एकेक अक्षर करून पुरं लिहिलं. एंटर मारला. त्या हुकमानं काय केलं, निरोप कसा पोचवला, ते मला आजही ठाऊक नाही. थोड्या वेळानं माझा मोबाइल वाजला. पडद्यावर त्याचं नाव. मी उचलला.

"व..." पलीकडून आवाज आला. "व... वं..."

ऑफिसातला दुसरा फोन ठणाणा करत होता. आख्खं उमरखेड माझ्या नावानं बोटं मोडत असणार. मी तो फोन वाजू दिला आणि मोबाइल कानाला घट्ट धरून गप्प बसले. मनात म्हटलं, सावकाश सांग बाबा, मी आहे इथंच.

"वंदनाताई," तो म्हणाला, "उमरखेड झोपलं काय?"